कृष्णाकाठचा कोपेश्वर आणि दगडावरची नोंद

नृसिंहवाडीस दत्तदर्शनाला आलेला भाविक बहुधा तेथूनच माघारी फिरतो. तेथून कुरुंदवाडमार्गे पुढे गेल्यास शिरोळ तालुक्याच्या अगदी टोकाला, कर्नाटकाच्या शिवेलगत, कृष्णेच्या काठी खिद्रापूर हे लहानसे गाव लागते. तेथील श्री कोपेश्वराचे प्राचीन देवालय जीर्णोद्धाराचे काम हाती घेतलेल्या प्रत्येक गावच्या पंचमंडळींनी व देणगीदारांनी एकदा अवश्य पाहावे. त्याचे कारण केवळ कोरीवकाम नव्हे. आठशे वर्षांपूर्वी दिलेल्या देणगीची नोंद तेथे अद्याप जागेवर आहे, हे त्याहून मोठे कारण होय.

बाहेरून देवालयाची भव्यता एकदम ध्यानात येत नाही. आत पाऊल टाकताच प्रथम स्वर्गमंडप लागतो. याच्या छताला मधोमध मोठे वर्तुळाकार उघडे गवाक्ष असून त्यातून आकाश दिसते. वर्तुळाच्या कडेने बारा खांब उभे आहेत व बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल अखंड शिळा बसविली आहे. खांब काळ्या कठीण दगडाचे असूनही चरकावर फिरवून घोटल्यासारखे गुळगुळीत आहेत. कोणी म्हणतात की होमाचा धूर जाण्यासाठी हे गवाक्ष ठेवले, कोणी म्हणतात काम अपुरे राहिले. खरे काय असेल ते असो. त्रिपुरी पौर्णिमेस मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र डोक्यावर येतो, तेव्हा चांदण्याचा कवडसा त्या शिळेवर पडलेला पाहण्यास पुष्कळ लोक जमतात.

पुढे सभामंडप, अंतराळ व गाभारा आहे. गाभाऱ्यात कोपेश्वर व धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत. धोपेश्वर हे विष्णूचे रूप मानतात. दक्षाच्या यज्ञात सतीने देहत्याग केल्यावर शंकर कोपले आणि विष्णूंनी त्यांची समजूत घातली, अशी कथा सांगतात. सती माहेरी जाताना नंदीवर बसून गेली, म्हणून या शिवालयात नंदी नाही. त्याचे दर्शन घ्यायचे तर कर्नाटकातील येडूरला जावे लागते. बाहेरच्या बाजूस पायाशी हत्तींची रांग कोरलेली असून जणू सारे देऊळ त्यांनीच पाठीवर तोलून धरले आहे. त्यांपैकी अनेकांच्या सोंडा आणि वरच्या मूर्तींचे चेहरे भग्न झालेले पाहून मन विषण्ण होते.

देवालयाचे बांधकाम मुख्यत्वे कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळात, बाराव्या शतकात झाले. गंडरादित्य हा त्यांतील नामांकित राजा. शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याचा देवगिरीच्या यादव सिंघणाने इ.स. १२१२ च्या सुमारास पराभव केला व हा मुलूख यादवांकडे गेला. राज्य बुडाले म्हणजे त्या राज्याच्या देवस्थानांची आबाळ व्हावी, हे जगात पुष्कळदा घडते. येथे तसे झाले नाही.

देवालयात सुमारे बारा शिलालेख असून बहुतेक कानडी आहेत. दक्षिण दरवाजाशेजारी मात्र देवनागरी लिपीत संस्कृत लेख आहे, तो याच सिंघणाचा, इ.स. १२१३ च्या सुमाराचा. सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी मिरिंज प्रांतातील कुडलदामवाड हे गाव त्याने कोपेश्वरास दान दिल्याचे त्यात नमूद आहे. मिरिंज म्हणजे आजचे मिरज. विजयी राजाने पराभूत राजघराण्याच्या देवाला एक अख्खे गाव तोडून दिले! मुलूख ताब्यात आला तशी देवाची जबाबदारीही अंगावर आली, असे सिंघणाने मानले असावे. आजच्या भाषेत सांगायचे तर हा दगडावर धरलेला फेरफारच होय. कागदाला वाळवी लागते, दप्तर पुरात भिजते. हा दगड आठ शतके टिकला, म्हणूनच देणारा कोण आणि दिले काय हे आज सांगता येते.

इतका प्रपंच करण्याचे कारण असे की, हल्ली गावोगाव जीर्णोद्धार होतात ही आनंदाची गोष्ट असली तरी त्या उत्साहात जुने दगड मोलाने जातात. वीरगळ पायाच्या भरावात पडतात. झिजलेली मूर्ती नदीत सोडली जाते. उंबऱ्यावरची अक्षरे कोणी वाचण्यापूर्वीच त्यांवर तेलरंगाचे दोन हात बसतात, नाहीतर वर चकचकीत फरशी चढते. नवीन देणगीदारांची नावे संगमरवरावर जरूर कोरावीत, तो त्यांचा मान आहे. परंतु त्यासाठी जुन्या देणगीदाराचे नाव पुसू नये. अक्षरे असलेला दगड सापडल्यास तो पाण्याने स्वच्छ धुवावा, छायाचित्र घ्यावे, पुरातत्त्व खात्यास कळवावे आणि देवळाच्या आवारातच उभा करावा. याला खर्च फारसा येत नाही.

खिद्रापूरचे देवालय १९५४ पासून संरक्षित स्मारक आहे. तथापि नुसत्या कायद्याने सर्व संकटे टळत नाहीत. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत या तालुक्यातील नदीकाठच्या गावांची दैना झाली, ती वाचकांनी डोळ्यांनी पाहिलीच आहे. कृष्णामाई जितकी देते तितकेच नेतेही.

दर्शनास जाणाऱ्यांनी गावातच असलेले जुने जैन मंदिरही पाहावे. कोपेश्वराच्या दक्षिण दरवाजाशी थोडे थांबावे. लेख वाचता आला नाही तरी चालेल, अक्षरांवरून बोटे मात्र फिरवू नयेत. घामाने व तेलकट हाताने दगड काळवंडतो. सवड असल्यास पुढे येडूरला जाऊन नंदीचेही दर्शन घ्यावे.