टोफेलची कुळकथा

१९१३ साली दोन घटना घडल्या. त्यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. आम्ही तो येथे लावून पाहत आहोत. त्या वर्षी केंब्रिज विद्यापीठाने परदेशी व्यक्तींसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. आणि त्याच वर्षीच्या जुलैत बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन तरुण भीमराव आंबेडकर पदव्युत्तर अभ्यासासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्यांच्यापाशी मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पदवी होती. टोफेलसारखी प्रमाणित परीक्षा अमेरिकेत तेव्हा नव्हतीच. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला, तो अर्थातच इंग्रजीत. पदवी हेच भाषेचे प्रमाणपत्र मानण्याची ही रीत पुढे मोडली. ती का मोडली, आणि तिच्या जागी आलेल्या परीक्षेने ‘इंग्रजी येणे’ या शब्दांचा अर्थ कसा बदलला, हे पाहण्यासारखे आहे.

केंब्रिजच्या त्या पहिल्या परीक्षेला तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. नवल नाही. परीक्षा सुमारे बारा तासांची होती: व्याकरण, उच्चारशास्त्र, श्रुतलेखन, संभाषण, फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत व इंग्रजीतून त्या भाषांत अनुवाद, दोन तासांचा निबंध, आणि या सर्वांहून लांब, तीन तासांची, इंग्रजी साहित्याची प्रश्नपत्रिका. ही परीक्षा मुख्यतः इंग्रजीचे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी होती, हे खरे. तरीही तिच्यामागची कल्पना लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्रजी येणे म्हणजे इंग्रजीत लिहिले गेलेले वाचलेले असणे, आणि उमेदवाराला स्वतःची एक भाषा असणे, या दोन्ही गोष्टी तिने गृहीत धरल्या होत्या. (‘स्वतःची भाषा’ म्हणजे फ्रेंच किंवा जर्मन, मराठी माणसाची सोय तिथे नव्हती.)

अमेरिकेतील परीक्षेचे मूळ मात्र साहित्याच्या विभागात नाही. ते स्थलांतराच्या कायद्यात आहे. १९२४ च्या कायद्याने देशोदेशींच्या लोकांवर कोटा बसवला, पण विद्यार्थ्यांना त्यातून वगळले. तेव्हा खरा विद्यार्थी कोण आणि विद्यार्थ्याच्या नावाने येणारा कोण, हे ठरवणे आले. विद्यापीठांच्या निबंधकांच्या मागणीवरून कॉलेज बोर्डाने १९३० साली इंग्रजीची एक परीक्षा काढली. तिच्यात वाचन होते, श्रुतलेखन होते, निबंध होता, तोंडी परीक्षाही होती. परंतु ते महामंदीचे दिवस होते. परीक्षेचा खर्च निघेना, आणि काही वर्षांतच ती बंद पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी विद्यार्थ्यांची रीघ लागली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९६१ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथे त्यावर एक परिषद झाली. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरल यांनी (व्होर्फचे भाषाविषयक लेख १९५६ मध्ये संपादित करणारे तेच हे कॅरल) तिथे एक इशारा दिला होता. व्याकरणाचा एकेक नियम, एकेक शब्द सुटा करून तपासणे पुरेसे नाही. बोलण्यालिहिण्याचा एकूण परिणामही तपासला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील वर्षी एक राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले आणि १९६४ मध्ये टोफेल पहिल्यांदा घेण्यात आली. १९६५ मध्ये ती कॉलेज बोर्ड आणि प्रिन्स्टनची एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस यांच्याकडे गेली. १९७३ मध्ये जीआरईचे मंडळही कारभारात सामील झाले. आपल्याकडे ‘जीआरई-टोफेल’ हा जोडशब्द एका दमात उच्चारला जातो, त्याला असा संस्थात्मक आधार आहे.

कॅरल यांच्या इशाऱ्याचे काय झाले? परीक्षा झाली ती सुट्या तुकड्यांचीच. वाक्यातील चार शब्दांखाली रेघा, त्यांतला चुकीचा ओळखा. चार पर्याय, त्यांतला एक निवडा. उमेदवाराने स्वतःचे एकही वाक्य लिहायचे नव्हते. लेखनाची चाचणी १९८६ मध्ये आली, तीही अर्ध्या तासाची. बोलण्याची परीक्षा मुख्य टोफेलचा भाग झाली ती २००५ मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी. साहित्य आणि अनुवाद तर कधी आलेच नाहीत. कारण उघड आहे: निबंधाला दोन परीक्षक दोन गुण देतात, यंत्र एकच देते. हजारो उमेदवारांची एकमेकांशी तुलना करायची तर मोजता येईल तेवढेच विचारावे लागते, आणि मग जे विचारले जाते त्यालाच लोक भाषा म्हणू लागतात.

तरी या परीक्षेला सरसकट झोडपणे आम्हांला मान्य नाही. तिच्या आधी वकिलातीतला अधिकारी किंवा ओळखीचा प्राध्यापक ‘याला इंग्रजी येते’ असे लिहून देई. अशी ओळख कुणापाशी असते, हे आपल्या समाजात सांगायला नको. कागदी टोफेलमध्ये अनेक विद्यापीठे ५५० गुण मागत. ते मिळवणाऱ्याला आडनाव विचारले जात नव्हते. लातूरच्या मुलाचे ५५० आणि मलबार हिलच्या मुलाचे ५५० सारखेच. (शुल्क डॉलरमध्ये भरावे लागे, एवढी अट सोडली तर.)

पण त्या ५५० चे पुढे संगणकावर २१३ झाले आणि इंटरनेटवर ७९-८०. इंग्रजी तेच, आकडे तीन. आकड्यावर एकदा श्रद्धा बसली की तो कशाचा आहे हे कोणी विचारत नाही. पुण्यामुंबईच्या घरांतून दोन पिढ्यांनी बॅरन्सच्या शब्दयाद्या घोकल्या त्या जीआरईच्या विरुद्धार्थी शब्दांसाठी; २०११ मध्ये तो प्रश्नप्रकारच रद्द झाला. ते शब्द कुणाच्या लेखनात उतरल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. मुंबई विद्यापीठात १८६० च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून गेल्या आणि त्या परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे अखेरपर्यंत झगडले, तेव्हा निदान ज्या इंग्रजीसाठी मराठी बाजूला सारली गेली तिच्यात कविता आणि निबंध होते.

स्थलांतराच्या कायद्याशी असलेले नातेही सुटलेले नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने काही केंद्रांवरील गैरप्रकार उघड केले. ती परीक्षा टोइक होती, टोफेलचीच बहीण. त्यानंतर सुमारे ३४ हजार विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. फसवणूक झाली होती यात शंका नाही. पण काही निर्दोषांवरही चुकीचा ठपका बसला असावा, असे तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने २०१९ मध्ये नमूद केले. ज्यांचे सर्व शिक्षण इंग्रजीतून चालले होते, त्यांना इंग्रजी येत नाही असे एका यादीने ठरवले.

टोफेल आता आखूड झाली आहे. जुलै २०२३ मध्ये ती दोन तासांच्या आत आली आणि अर्ध्या तासाचा स्वतंत्र निबंध तिच्यातून गेला. त्याच्या जागी दहा मिनिटांचा प्रश्न आला: प्राध्यापकाने विषय मांडला आहे, दोन विद्यार्थ्यांनी मते दिली आहेत, आपण निदान शंभर शब्दांची भर घालावी. निबंध तपासायला माणसाच्या जोडीला ई-रेटर नावाची प्रणाली तर त्याआधीच आली होती.

इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेला आपला विद्यार्थी अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज करतो, तेव्हा बहुतेक इंग्रजी विभाग त्याच्याकडून स्वतंत्र समीक्षालेखनाचा नमुना मागतात, साधारण पंधरा-वीस पानांचा. तो वाचणारी माणसे विभागातच बसलेली असतात. काही विद्यापीठे इंग्रजी माध्यमाची पदवी पुरेशी मानून टोफेल माफ करतात. काही करत नाहीत. तिथे ती वीस पाने विभागाकडे जातात आणि दहा मिनिटांचे शंभर शब्द प्रवेश कार्यालयाकडे, आणि गुण कमी पडले तर अनेकदा ती वीस पाने उघडलीही जात नाहीत.