परवान्यावरचा चेहरा

हिजरत हा शब्द आपल्याला परका नाही. आपली कालगणनाच एका स्थलांतरापासून, इ. स. ६२२ पासून सुरू होते. पण आपल्या वाडवडिलांनी केलेल्या हिजरतीचा हिशेब आपण कुठे ठेवला? कोकणातल्या मोहल्ल्यांत आफ्रिकेला गेलेल्या माणसाचा विषय हमखास निघतो. तो कधी गेला, तिथे कोणते काम करत होता, परत का आला नाही, असे विचारू लागलो की सांगणारे घुटमळतात. ‘केपटाउनला दुकान होते म्हणे’ इथेच बोलणे थांबते.

हे लिहायला निमित्त झाले माझ्या परिचयातील एका मुलीचे. तिला स्थलांतरावर दहा मिनिटांचा प्रायोगिक लघुपट करायचा आहे. त्यात गोष्ट नाही, निवेदन नाही; फक्त चित्रे आणि आवाज. तयारी म्हणून तिने आधी साऱ्या मानवजातीचा प्रवास वाचायला घेतला. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडून जगभर कसा पसरला, याचे नकाशे जमवले. त्यांवर मोठमोठे बाण होते. मला ते बाण काही पटेनात. बाणाला घर नसते, मागे राहिलेली आई नसते. त्यापेक्षा उलट्या दिशेने आफ्रिकेला गेलेल्या आपल्या माणसांकडे बघ, असे मी तिला सुचवले. आणि आम्ही दोघेही केपटाउनचा इतिहास वाचायला बसलो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला कोकणी मुसलमान केपटाउनला जाऊ लागले. ते मजुरीच्या करारावर नेलेले गिरमिटिये नव्हते, स्वतःच्या खर्चाने गेलेले उतारू होते. म्हणून ते सगळे व्यापारीच असणार, असा समज पुढे रूढ झाला. केपटाउनच्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी तो खोडून काढला आहे. (त्या गांधीजींच्या पणती.) या उतारूंत फेरीवाले होते, दुकानातले नोकर होते, रेल्वेत आणि गोदीत अंगमेहनत करणारे होते. ‘दुकान होते म्हणे’ हे वाक्य बऱ्याच घरांत त्या मेहनतीवर घातलेले पांघरूण असावे, असे मला वाटते.

त्यांची वाट सोपी नव्हती. केप वसाहतीने १९०२ साली कायदा केला: नव्याने येणाऱ्याला एखादी युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे. उर्दू, मराठी, गुजराती लिहिणारा तेथे अडाणी ठरला. १९०६च्या कायद्याने यिद्दिशला युरोपीय भाषा म्हणून मान्यता दिली, आपल्या भाषांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. जे आधीपासून तिथे राहत होते त्यांना गावी येऊन परत जायचे तर परवाना घ्यावा लागे. त्यावर फोटो आणि बोटांचे ठसे असत. मुदत चुकली की परतीचा हक्क गेला. गावी आई आजारी असो की पावसाळ्यात वाट बंद असो, कायद्याला त्याचे सोयरसुतक नव्हते.

आज हेच परवाने त्या माणसांची सर्वांत भरवशाची खूण होऊन बसले आहेत. ज्यांचा फोटो एरवी कोणी काढला नसता, त्यांचे चेहरे सरकारी दप्तराने जपले. अर्थात प्रेमापोटी नव्हे. या चेहऱ्यांवरच लघुपट उभा राहू शकतो, हे त्या मुलीच्या चटकन लक्षात आले. ख्रिस मार्करने १९६२ साली ‘ला जेते’ हा जेमतेम अर्ध्या तासाचा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांतून केला. त्यात चित्र हलते ते एकदाच, झोपलेली स्त्री डोळे उघडते तेव्हा. तेव्हा तंत्राचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो या फोटोंकडे कोणत्या नजरेने पाहायचे याचा. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस तिथे साहेबाला ओळख पटावी म्हणून बसला आहे. आपण तोच फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला, तर आपणही साहेबाच्याच खुर्चीत बसतो की काय?

यावर विचार करताना एक वेगळा फोटो आठवला. जॉन बर्जर आणि छायाचित्रकार ज्याँ मोर यांच्या १९७५च्या ‘अ सेव्हन्थ मॅन’ या पुस्तकात चोरवाटेने फ्रान्सला जाणाऱ्या पोर्तुगीज मजुरांची हकीकत आहे. निघण्यापूर्वी ते आपल्या फोटोचे दोन तुकडे करीत. एक वाटाड्याजवळ, दुसरा स्वतःजवळ. फ्रान्सला सुखरूप पोचले की आपला तुकडा घरी पाठवत. वाटाड्या पैसे मागायला आला की घरचे दोन्ही तुकडे जुळवून पाहत आणि मगच पैसे देत. तिथेही फोटो ओळखीचाच पुरावा, पण तो घरच्यांच्या हाती होता.

आणि कागद जाळणारेही होते. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर, गांधीजींच्या उपस्थितीत, ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांनी आपले नोंदणी दाखले कढईत टाकून पेटवले. केपटाउनच्या कोकणी मजुराने मात्र आपला परवाना जपून ठेवला. त्याला भित्रा म्हणण्याचे धाडस मला होत नाही. तो कागद गेला असता, तर एका बाजूला रोजगार आणि दुसऱ्या बाजूला घर, यांतले एक कायमचे तुटले असते. आसाममध्ये २०१९च्या नागरिक नोंदणीतून १९ लाखांवर माणसे वगळली गेली, तेव्हा जुन्या कागदांच्या पेट्या उघडणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

परवाना खरा, पण त्यावरचे नाव खरे असेलच असे नाही. अज्ञान मुलगा बापाबरोबर येऊ शकत असे, म्हणून कोणी पुतण्याला मुलगा म्हणून नेले. अधिकारी उलटतपासणी घेत, नातेवाइकांचे जबाब पडताळत. ज्याचे जमले तो जन्मभर चुलत्याला बाप म्हणत राहिला आणि त्याच नावाने दफन झाला. आज कोणी वंशावळ लिहायला बसले तर अडखळते ते इथेच.

बायका मात्र या दप्तरांत फारशा सापडत नाहीत. नवरा केपटाउनला, कधी तिथल्या मलायी मुस्लिम घराण्यात दुसरा संसार थाटलेला. बायको कोकणात, सासूसासऱ्यांच्या सेवेत. ती कुठे गेलीच नाही, मग तिचा परवाना कसला आणि फोटो कसला? पुढे १९५३च्या कायद्याने हिंदुस्थानातून बायकामुलांना आणण्याची वाटही बंद केली.

एक नाव तेवढे ठळक राहिले आहे: बाई मरियम. पोर्ट एलिझाबेथच्या हसन इसप यांची ही हिंदुस्थानातून आलेली पत्नी. तिला उतरू दिले नाही, म्हणून प्रकरण केपच्या न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह इथे कायदेशीर नाही. एका फटक्यात तिथल्या हजारो मुस्लिम आणि हिंदू स्त्रिया कायद्याच्या नजरेत पत्नी उरल्या नाहीत. त्या वर्षीच्या सत्याग्रहात स्त्रिया तुरुंगात गेल्या, त्यामागे हा निकाल होता. १९१४च्या कायद्याने एका पत्नीपुरती मान्यता परत मिळाली.

त्या मुलीने आता लघुपटाचा आराखडा बदलला आहे. नकाशे गेले, बाण गेले. परवान्यांवरचे पुरुषांचे चेहरे एकेक करून येतील, प्रत्येकानंतर तेवढाच वेळ पडदा कोरा राहील. त्या कोऱ्या पडद्यामागे कोकणातल्या म्हाताऱ्या बायांचे आवाज हवे आहेत. तिने ध्वनिमुद्रणाला सुरुवात केली आहे. पण सत्तरीच्या पुढच्या बाया आधी म्हणतात, ‘आम्हाला काय ठाऊक, आम्ही तर इथेच होतो.’ मग चहा होतो, आणि त्या दीड तास बोलतात.