अमरकोशापासून ‘आनंद’पर्यंत

मुलांचा शब्दसंग्रह कसा वाढवावा ही विवंचना आधुनिक शिक्षणशास्त्राने प्रथम उपस्थित केली, अशी जी समजूत सुशिक्षितांत रूढ आहे ती यथार्थ नाही. कारण जुन्या पाठशाळांतून, मुंज होऊन फार दिवस लोटले नाहीत अशा बटूलाही रूपावली व समासचक्र यांच्या बरोबरीने अमरकोश मुखोद्गत करावा लागे, आणि सुमारे दीड हजार श्लोकांचा हा तीन कांडांचा ग्रंथ कंठस्थ झाल्यावाचून पंचमहाकाव्यांना हात घालण्याची प्रथा नव्हती.

या कोशाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. अमरसिंहाने शब्द अक्षरक्रमाने न लावता वर्गवारीने लावले. पहिल्या कांडाच्या अखेरीस असलेला वारिवर्गच घ्या. सलिल, तोय, उदक अशी पाण्याची नावे येतात. मग ऊर्मी आणि तरंग, मग तीर आणि तट, पाण्यातून वर आलेले पुलिन, चिखलासाठी पंक आणि कर्दम, नाव, तिचा कर्णधार, जाळे टाकणारा धीवर, मासे, कूर्म, कर्कटक, मंडूक, पुढे कूप, वापी, तडाग, नद्या आणि सरतेशेवटी कमळे. ज्या मुलाने हा वर्ग पाठ केला त्याच्या स्मरणात एक सबंध जलाशय त्याच्या काठासह आणि काठावरच्या माणसांसह साठविला जाई, व एक शब्द आठवला की त्याचे शेजारी आपोआप जिभेवर येत. शब्दाला गणगोत असते, हे त्या मुलाला कोणी वेगळे सांगावे लागत नसे.

परंतु या पद्धतीचे वैगुण्यही तितकेच मोठे होते. अर्थाचे विवरण पाठांतरानंतर, कित्येकदा काही वर्षांनी होई. आणि पाठशाळेचा उंबरठा मुलींना व बहुसंख्य जातींच्या मुलांना बंदच होता. याउलट गावच्या पंतोजींकडे व्यवहाराची भाषा शिकविली जाई. धुळपाटीवर मुळाक्षरे घोटून झाली, पावकी-निमकीची उजळणी झाली, की मोडी कित्ता पुढे येई आणि त्यातून पत्रांचे मायने, कर्जरोखे, हुंड्या, जमाखर्च यांचे मसुदे मुलगा उतरू लागे. वसूल, बाकी, तगाई, कबुलायत, इनाम हे दप्तरातले शब्द त्याच्या हाताला असे वळण पडतापडताच अवगत होत. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि धाकट्याला ‘चिरंजीव’ लिहिताना शब्दांची पायरीही कळे. माझ्या मते हे शिक्षण संकुचित असले तरी निर्जीव नव्हते, कारण तेथे शब्द शिकला जाई तो वापरण्यासाठी.

इंग्रजी अमलात शास्त्रीमंडळींचा कोश १८२९ साली आणि मोल्सवर्थसाहेबांचा १८३१ साली प्रसिद्ध झाला, आणि मराठी शब्दांची नोंद प्रथमच एवढ्या विस्ताराने झाली. मात्र हे ग्रंथ मुलांकरिता नव्हते. मुलांच्या हाती स्वभाषेतले सकस वाचन नियमाने द्यावे, या हेतूने विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले व तीन दशकांहून अधिक काळ ते एकहाती चालविले. चरित्रे, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती यांतून जो शब्द येई तो एखाद्या माणसाच्या किंवा वस्तूच्या सोबतीने येई, आणि अर्थ कळावा म्हणून थांबून राहण्याचे कारण उरत नसे.

याच परंपरेतील वासुदेव गोविंद आपटे यांची कामगिरी मला विशेष मोलाची वाटते. १९०६ साली त्यांनी मुलांसाठी ‘आनंद’ मासिक सुरू केले. आणि ज्या लेखणीने ते मुलांशी महिन्याच्या महिन्याला बोलत होते त्याच लेखणीने त्यांनी मराठी भाषेतील संप्रदाय व म्हणी यांचे पुस्तक आणि पुढे १९२२ साली ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश सिद्ध केला. बालवाचकाची जिज्ञासा आणि कोशकाराची शिस्त एकाच व्यक्तीच्या ठायी इतक्या निष्ठेने नांदल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

१९३० साली आपटे निवर्तले. ‘आनंद’ मात्र बंद पडला नाही. गोपीनाथ तळवलकरांनी त्याचे संपादन दीर्घकाळ केले. ज्या शिक्षकांच्या शाळेत या मासिकाचे जुने अंक आणि ‘शब्दरत्नाकर’ची प्रत कपाटात बंद असेल त्यांनी ती दोन्ही बाहेर काढून मुलांच्या हाती एकत्र द्यावीत, एवढीच माझी विनंती आहे.