दटावायचं कुणाला?

पोरं गल्लीत सायकल काढतात आणि आपण दारातून ओरडतो, "कडेनं चालव रे!" पण दटावायचं नेमकं कुणाला, याचं उत्तर मला हॉलंडच्या इतिहासात मिळालं.

सायकलींचा देश म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. पण महायुद्धानंतर तिथंही मोटारी बेसुमार वाढल्या. एकट्या १९७१ साली ४००हून अधिक मुलं रस्त्यावर दगावली. मग 'बालहत्या थांबवा' ही चळवळ उभी राहिली. मार्त्ये व्हान पुटेन ही तरुणी तिची पहिली अध्यक्ष. लोकांनी रस्ते अडवले, मुलांना खेळायला मोकळे करून दिले. डेल्फ्टमध्ये आधीच काही गल्ल्यांत मुद्दाम वळणं काढली होती, झाडं लावली होती. गाडी हळू न्यावीच लागे. १९७६ साली तसा कायदाच झाला: अशा राहत्या गल्लीत गाडीनं माणसाच्या चालीनं जायचं, मुलांनी रस्ताभर खेळायचं.

मुलं तीच, सायकली त्याच. आवरला तो गाडीचा वेग.

आपल्या बेळगावच्या गल्ल्या तर मुळातच अरुंद. पोरांना जपून चालवायला शिकवूच, बायांनो. पण सुसाट येणाऱ्या गाडीवाल्यालाही बजावू या, मग तो आपल्याच घरातला का असेना.