मोट, वीज आणि माणसांची गणती

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे मांजरसुंब्याचा घाट लागतो. घाट चढून वर आले की बालाघाटाचे पठार सुरू होते, आणि तेथेच मांजरसुंब्याचा चौक आहे. धुळे-सोलापूर रस्ता आणि अहिल्यानगरकडून पाटोद्यावरून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. या माथ्यावर पडणाऱ्या पावसालाही असेच दोन रस्ते फुटतात. उत्तरेच्या उताराचे पाणी बिंदुसरेकडे जाते, दक्षिणेच्या उताराचे मांजरेकडे. दोन्ही पाणी शेवटी गोदावरीला मिळते. माथ्यावरच्या माणसाला मात्र ते जाताना बघत बसावे लागते.

आज या माथ्यावर उंच पवनचक्क्या फिरताना दिसतात. खाली गावाच्या वेशीत उन्हाळ्यात पाण्याचे टँकर उभे राहतात. एकाच डोंगरावर ही दोन दृश्ये एकदम दिसावीत याचे नवल वाटते. त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो या लेखात तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. या पठारावर किती माणसे राहू शकतात, आणि ती कोणाच्या बळावर राहतात, असा आपला प्रश्न आहे.

आधी जुना हिशेब पाहू. आपल्या पणजोबांच्या काळी गावाला लागणारे सगळे बळ गावातच तयार होत असे. चुलीला तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचे सरपण आणि गोवऱ्या. नांगराला आणि गाडीला बैल. जात्याला बाईचा हात. आणि विहिरीवर मोट. तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी मोट पाहिली नसेल, म्हणून थोडे सांगतो. कातड्याची मोठी पिशवी विहिरीत सोडायची. तिच्या तोंडाला नाडा आणि खालच्या सोंडेला सोंदूर बांधलेला. बैल धावेवरून उताराला चालत गेले की मोट भरून वर येई, थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने पिकाकडे जाई. बैल मागे सरकले की मोट पुन्हा पाण्यात. असे दिवसभर चाले.

या मोटेत एक गोष्ट दडलेली होती. बैलजोडी थकत असे! दुप्पट खोलीवरून तेवढेच पाणी काढावयाचे तर दुप्पट मेहनत पडते. हा सृष्टीचा नियम आहे, त्यात सवलत नाही. त्यामुळे विहीर फार खोल गेली की मोट परवडत नसे. आपला दख्खनचा दगडही असा की पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि झिजलेल्या खडकात साठते. खालच्या कठीण काळ्या पाषाणात ते भेगांपुरतेच असते. म्हणजे बैलाचा दम जेथे संपे, जवळजवळ तेथेच वर्षावर्षाला भरणारे पाणीही संपे. मोट हे पाणी काढण्याचे साधन होतेच, शिवाय तो पाण्यावरचा लगामही होता. तो कोणी कायदा करून घातलेला नव्हता.

बीडजवळची खजाना विहीर तर याहून शहाणी. १६व्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सलाबतखानाने ती बांधविली असे सांगतात. जमिनीखालच्या पाटातून उताराच्या जोरावर तिचे पाणी शेताकडे नेलेले आहे. तेथे मोट नको आणि बैलही नको. जेवढे झिरपेल तेवढेच वाहील, असा तो कारभार.

पण जुने ते सगळे सोने, असे म्हणून आपण पुढे गेलो तर इतिहासाशी बेइमानी होईल. १८९१च्या खानेसुमारीत त्या वेळच्या बीड जिल्ह्यात सुमारे ६ लाख ४२ हजार माणसे होती. १९०१ला मोजली तेव्हा ४ लाख ९२ हजार भरली. दहा वर्षांत दीड लाख माणूस कमी! मध्ये १८९७चा आणि १८९९-१९००चा, असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. काही माणसे उपासाने गेली, काही रोगाने गेली, काही मुलूख सोडून गेली. चार माणसांतला जवळजवळ एक माणूस पाटीवरून पुसला गेला.

इंग्लंडात माल्थस नावाच्या पाद्र्याने १७९८ साली एक पुस्तक लिहिले. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि मग दुष्काळ-रोगराई तिला आवरते, असे त्याचे म्हणणे. पुष्कळ शहाणी माणसे आजही दुष्काळ पडला की म्हणतात, “माणसं फार झाली हो.” त्यांना १९०१चा आकडा दाखवावा. त्या वेळी माणसे आजच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होती, तरी ती जगली नाहीत. २०११च्या शिरगणतीत बीड जिल्ह्यात २५ लाख ८५ हजार माणसे मोजली गेली. हद्दी मधल्या काळात थोड्या बदलल्या हे खरे, पण त्याने निष्कर्ष बदलत नाही. पाचपट माणसे त्याच पठारावर राहतात, आणि पाऊस काही पाचपट झालेला नाही.

हे कसे घडले? बाहेरचे बळ गावात आले म्हणून. १८९९ साली बीडच्या मुलखात आगगाडी नव्हती. बैलगाडीने धान्य आणावयाचे, तर त्या बैलांनाच वाटेत चारा नाही, अशी अवस्था. (बीड शहरात आगगाडी यावयास पुढे २०२५ साल उजाडावे लागले!) नंतर सडका झाल्या, मोटारी आल्या, धान्य दूरवरून येऊ लागले, देवी-पटकीसारखे रोग हटले. १९४८ला निजामाचे राज्य गेले. १९६०ला महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी राज्याचे वीज मंडळही स्थापन झाले. विहिरीवरची मोट उतरली आणि विजेची मोटार बसली.

१९७२चा दुष्काळ आठवणारी माणसे अजून गावोगाव आहेत. खडी फोडणारे हात, सुकडी, पाझर तलावांची कामे हे त्यांना सांगावयास नको. आकाश १८९९सारखेच फिरले होते, पण त्या वेळेसारखी गावे ओस पडली नाहीत, कारण काम आणि धान्य लोकांपर्यंत पोचविण्याची यंत्रणा या वेळी उभी होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले. त्याच सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी खडकात बोअर घेण्याची यंत्रे आली. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या हातपंपांवरून पुढे ‘इंडिया मार्क २’ हा पंप बनला आणि तो देशोदेशी गेला. मराठवाड्याने जगाला दिलेली ही देणगी आपण विसरता कामा नये.

पण हातपंपाला माणसाचा हात लागे, तोही थकत असे. पाण्यातल्या मोटारीला थकवा नाही. वीज स्वस्त, मोटार अथक, मग बोअर खोल खोल जाऊ लागले. लगाम सुटला! बैलाचा दम जेथे संपत होता त्याच्या कितीतरी खालचे पाणी आपण काढू लागलो, आणि ते एका पावसाळ्यात भरून निघणारे नव्हते. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करणारा महाराष्ट्राचा कायदा २००९ साली झाला, पण शिवारात जाऊन तो किती पाळला जातो हे तुम्हीच सांगू शकाल.

आता विजेचेही मूळ पाहू. आपल्याच जिल्ह्यात परळीला १९७१ साली औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. कोळसा लांबून आगगाडीने येतो. पण कोळसा जाळून केलेल्या वाफेला आणि ती थंड करावयास पाणी लागते, ते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून आणावे लागते. २०१३च्या फेब्रुवारीत पाणी नाही म्हणून हे सगळे केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ साली पुन्हा तीच पाळी आली. म्हणजे पाणी उपसावयास वीज पाहिजे आणि वीज करावयास पाणी पाहिजे. एक आटले की दुसरे आटते. पाण्याची वही वेगळी आणि विजेची वही वेगळी ठेवणाऱ्याला हे उमगत नाही.

आणि पाणी नसलेल्या गावांतून आणखी एक बळ बाहेर जाते, ते माणसाचे. १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना निघाला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात धुराड्यांची रांग लागली. त्यांचा ऊस तोडावयास बालाघाटाची माणसे जाऊ लागली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दसरा-दिवाळीला गाड्या निघतात, उन्हाळ्यात परततात. उसाचे चिपाड जाळून कारखाना आपली भट्टी पेटवतो, वीजही करतो. त्या चिपाडामागे आपल्या मुलखाच्या पाठी वाकलेल्या असतात. शिक्षक मंडळींना याचा दाखला पुस्तकात शोधण्याची गरज नाही. दिवाळीनंतरच्या हजेरीपटावर तो आहेच.

मग माणसे कमी करणे हा उपाय नव्हे काय? त्याचे उत्तर काळाने बरेचसे दिले आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढले. १९५२ला भारत सरकारने तोच कार्यक्रम हाती घेतला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली. लोकसंख्या कायम राहावयास साधारण २.१ लागतात. मुली शिकल्या, बाळे जगू लागली, आणि पाळणे आपोआप लांबले. गणती अजून काही वर्षे वाढेल, पण तिचा जोर ओसरला आहे. पाण्याच्या आणि विजेच्या मागणीचा जोर मात्र ओसरलेला नाही. एका घरातली माणसे सहावरून चारवर आली, तरी त्या घरचे बोअर एकावरून तीनवर गेले असतील, तर पठाराला काय दिलासा?

आता पवनचक्क्यांकडे वळू. त्यांना कोळसा नको, पाणी नको. परळीचे दुखणे त्यांना नाही. पण त्यांचा भर पावसाळी वाऱ्यावर असतो, त्या वेळी शेताला उपशाची गरज सर्वांत कमी. त्यांची वीज तारांवरून दूर जाते. म्हणून जमीन देताना करार कोणता, भाडे किती, रस्ता कोणाच्या बांधावरून, हे गावाने एकत्र बसून वाचले पाहिजे. सौर पंपाचे सुख त्याहून जवळचे. २०१९पासून केंद्राच्या आणि पुढे राज्याच्या योजनांतून ते शेतावर आले. दिवसा पाणी देता येते. रात्री विंचू-सापाच्या भीतीने बॅटरी घेऊन जावयास नको. हे लहान सुख नव्हे. पण ध्यानात घ्या, सूर्य बिल पाठवीत नाही. विजेच्या बिलाचा जो थोडा धाक होता तोही गेला. मोटेला बैलाचा लगाम होता. सौर पंपाला लगाम आपणच घातला पाहिजे.

तो घालता येतो काय? येतो, आणि त्याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने वाटावयाचे नाही, माणसांच्या गणतीने वाटावयाचे. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि कुटुंबाला अडीच एकराहून अधिक नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस मात्र लावावयाचा नाही. जास्त तोंडे म्हणून अमर्याद पाणी नाही, जास्त जमीन म्हणूनही नाही. हिवरे बाजारने १९८९नंतर पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने डोंगर बांधले आणि शेतीसाठी बोअर बंद केले. तेथे दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मग पिके ठरतात. हिवरे बाजारचा पाऊसही आपल्यासारखाच तुटपुंजा आहे. त्यांच्यापाशी नदी नव्हती, धरण नव्हते, हिशेब होता.

आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत राजांची वंशावळ असते, विहिरीची नसते. ती तुम्ही लिहा. शाळेतल्या मुलांना घेऊन गावातली सर्वांत जुनी विहीर गाठा. ती किती परस खोल, मोट कोणत्या साली उतरली, मोटार कधी बसली, शेजारचे पहिले बोअर किती फुटांवर लागले आणि परवाचे किती फुटांवर, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून एका वहीत मांडा. शेजारच्या रकान्यात त्या त्या सालची गावाची शिरगणती लिहा, आणि तिसऱ्यात चूल कशावर पेटत होती ते. तीन रकाने शेजारी शेजारी आले की कोणता आकडा कोणत्या आकड्याच्या पुढे पळाला हे सातवीच्या पोरालाही दिसेल. मग ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. पाऊस किती पडेल हे आपल्या हाती नाही. पण उपसा किती करावयाचा हे पेरणीच्या आधी ठरविणे आपल्या हाती आहे, आणि ते ठरवावयाची जागा ग्रामसभा हीच आहे.