सोलापूरचे वसतिगृह व सरकारी अनुदानाचा प्रश्न
(इ. स. १८५४ ते १९३१)

‘अनुदान’ हा शब्द आज शाळा, तालमी, वाचनालये व युवक मंडळे या सर्वांच्या तोंडी आहे. त्याची फोड केली असता ‘अनु’ म्हणजे मागाहून आणि ‘दान’ म्हणजे देणे, असा सरळ अर्थ निघतो. कोणीतरी आधी दिले आहे, त्याच्या पाठोपाठ जे येते ते अनुदान. हा शब्द योजणाऱ्याच्या मनात एवढा विचार होता की नव्हता, हा वाद येथे कर्तव्य नाही. परंतु मुंबई इलाख्यात शिक्षणास सरकारी साह्य देण्याची जी रीत पडली ती नेमकी याच अर्थाची होती. लोकांनी प्रथम वर्गणी काढावी, शाळा उभारावी, शिक्षक नेमावे. मग सरकारने त्यात आपली भर घालावी. यावर असा प्रश्न उद्भवतो की, ज्यांच्यापाशी प्रथम देण्यास काहीच नाही त्यांनी अनुदान मागावे कसे? इ. स. १९२५ साली सोलापुरात निघालेल्या एका लहानशा वसतिगृहाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते, असे आमचे मत आहे. ते वाचकांपुढे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पेशवाईत विद्येस राजाश्रय होता तो दक्षिणेच्या रूपाने. श्रावणमासी पुण्यास जमणाऱ्या ब्राह्मणांस ती वाटली जाई. इंग्रजी अंमल झाल्यावर एल्फिन्स्टनने ती रक्कम वार्षिक ५०,००० रुपयांवर आणिली व १८२१ साली पुण्यास संस्कृत पाठशाळा काढिली. पुढे १८४९ च्या सुमारास लोकहितवादी प्रभृति तरुण मंडळींनी अर्ज करून या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे लाववून घेतला. जोतीराव फुले यांच्या मंडळीने चालविलेल्या महार-मांगांच्या शाळांसही या निधीतून साह्य झाले. सरकारकडे अर्ज करून जुन्या द्रव्यास नवी वाट करून देता येते, हा धडा महाराष्ट्राने येथे प्रथम गिरविला. मात्र दक्षिणा व्यक्तीस मिळे. अनुदान संस्थेस मिळू लागले. हा भेद पुढील विवेचनात ध्यानी ठेवावा.

अनुदानपद्धतीचा पाया चार्ल्स वुड याच्या १९ जुलै १८५४ च्या खलित्यात आहे. ज्या शाळेत चांगले ऐहिक शिक्षण मिळते, जिच्यावर स्थानिक व्यवस्थापकांची देखरेख आहे, जी सरकारी तपासणीस मान्यता देते आणि जी विद्यार्थ्यांकडून थोडीबहुत का होईना पण फी घेते, अशा शाळेस साह्य द्यावे, असे त्यात ठरले. या अटी दिसण्यास निरुपद्रवी आहेत. पण फी घेण्यास फी देणारे पालक लागतात आणि व्यवस्थापक नेमण्यास शिकलेली व थोडी सवड असलेली माणसे लागतात. ज्या समाजात ही दोन्ही होती त्यांनी या पद्धतीचा उत्तम उपयोग केला. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) व डेक्कन एज्युकेशन सोसायटी (१८८४) ही त्याची ठळक उदाहरणे होत. त्या मंडळींचा स्वार्थत्याग मोठा होता, यात शंका नाही. परंतु त्याग करण्यासही जवळ काही असावे लागते.

ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांची स्थिती धारवाडच्या प्रकरणावरून कळते. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. १८५६ च्या जून महिन्यात तेथील एका महार मुलाने, आपणांस सरकारी शाळेत घेत नाहीत, असा अर्ज सरकारकडे केला. सरकारने २१ जुलैच्या ठरावात न्याय मुलाच्या बाजूस आहे हे कबूल केले. पण त्यास घेतल्यास इतर मुले निघून जातील व शाळाच निरुपयोगी होईल, या कारणास्तव हस्तक्षेप करण्याचे नाकारिले. हिंदुस्थान सरकारास हा निर्णय पसंत पडला नाही. पुढे १८५८ साली कंपनीच्या डायरेक्टरांनी, सरकारी खर्चाच्या शाळा सर्व प्रजाजनांस खुल्या आहेत, असा निर्वाळा दिला. कागदावर दार उघडले. उंबरठा मात्र जागचा हलला नाही.

तो किती उंच राहिला याचा हिशेब सत्तर वर्षांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडला गेला. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणखात्याच्या खर्चावर बोलताना डॉ. भीमराव आंबेडकर यांनी खात्याच्याच अहवालातील आकडे सभागृहापुढे ठेविले. माध्यमिक शाळांत दर लाख वस्तीमागे पुढारलेल्या हिंदूंचे ३,०००, मुसलमानांचे ५००, मधल्या हिंदू जातींचे १४० आणि मागासलेल्या वर्गाचे अवघे १४ विद्यार्थी होते. या चौदांत अस्पृश्य आले, डोंगरी जमाती आल्या आणि गुन्हेगार म्हणून ठरविलेल्या जमातीही आल्या.

आता सोलापूरकडे वळू. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईस दामोदर हॉलमध्ये सभा भरून ‘बहिष्कृत हितकारिणी सभे’ची कल्पना निघाली व त्याच वर्षीच्या जुलैत ती संस्था स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, डॉ. आंबेडकर व्यवस्थापक मंडळाचे चेअरमन, सीताराम नामदेव शिवतरकर चिटणीस व निवृत्ती तुळशीराम जाधव खजिनदार, अशी रचना होती. वसतिगृहे काढणे, वाचनालये व अभ्यासवर्ग चालविणे हे तिच्या उद्देशांत अग्रभागी होते. १९२४ च्याच मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली होती; तेव्हा या जिल्ह्यात जमीन नांगरलेली होती, असे म्हणण्यास हरकत नाही. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह उघडिले. मुलांचे जेवण, कपडे, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलिला. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याची व्यवस्था पाहिली. पुढे १९३७ साली ते कायदेमंडळात निवडून गेले. शहरातील प्रतिष्ठित डॉक्टर व म्युनिसिपालिटीतील वजनदार गृहस्थ डॉ. वा. वि. मुळे यांचे साह्य होते, आणि सोलापूर म्युनिसिपालिटीनेही या वसतिगृहास मदत दिली.

शाळा न काढता वसतिगृह का काढिले? याचे कारण जिल्ह्याच्या रचनेत आहे. प्राथमिक शाळा खेड्यात असे, इंग्रजी शाळा शहरात. माढा, करमाळा, मोहोळ या बाजूच्या खेड्यातील महार-मांगाच्या मुलाने चौथी इयत्ता पार केली तरी शहरात त्याने उतरावे कोठे? भाड्याने खोली मिळण्याची आशा नव्हती. खाणावळीचे दार बंद होते. गिरणीत काम करणाऱ्या नातलगाची खोली असली तर तेथे अभ्यासाला ना दिवा ना जागा. शाळा व फीची सवलत असूनही मुलगा शाळेपर्यंत पोहोचत नसे. ही उणीव भात-भाकरीची व छपराची होती आणि वुडच्या खलित्यातील कोणत्याही अटीत ती बसत नव्हती.

केवळ निवारा देऊन सभा थांबली नाही, हेही नमूद केले पाहिजे. विद्यार्थ्यांकडून ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालविले गेले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले, आणि तरुणांनी जुगार व व्यसन यांकडे वळू नये म्हणून हॉकीचा क्लबही स्थापन झाला. आज ज्यास युवककल्याण म्हणतात त्याची सर्व अंगे येथे बीजरूपाने दिसतात.

सोलापुरात दोन वर्षे अनुभव घेतल्यानंतरचे १९२७ चे भाषण आहे, ही गोष्ट आमच्या मते महत्त्वाची आहे. त्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवर टीका केली. शिष्यवृत्तीचा पैसा दरिद्री पालकाच्या हाती पडतो, तो घरखर्चास लागतो आणि मुलाचे शिक्षण अर्ध्यावर राहते. हीच रक्कम वसतिगृहांस दिली तर मुलावर देखरेख राहील, तो वाईट परिसरापासून दूर राहील आणि वसतिगृह खाजगी संस्थेने चालविल्यास सरकारचाही पैसा वाचेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. मागणाराने देणाऱ्याच्या हिताचा हिशेब मांडून दाखविला, हे यातील मर्म आहे. नुसती करुणा भाकली असती तर ती फायलीत बांधली गेली असती.

१४ जून १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेचे विसर्जन होऊन तिच्या जागी ‘डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी’ आली व तिने सरकारकडे वसतिगृहांसाठी मागणी केली. ८ ऑक्टोबर १९२८ च्या ठरावाने सरकारने माध्यमिक विद्यार्थ्यांची पाच वसतिगृहे मंजूर केली व त्यांस वार्षिक ९,००० रुपये देऊ केले. भागाकार केला तर एका वसतिगृहास दरमहा १५० रुपये पडतात. एवढ्यात घरभाडे, अन्न, व्यवस्थापकाचा पगार व दिवाबत्ती भागणे शक्य नव्हते. म्हणून डॉ. आंबेडकरांनी मुसलमान व पारशी धर्मादाय संस्थांकडेही हात पसरिला. या योजनेतील एक वसतिगृह धारवाड येथे निघाले. १८५६ साली ज्या गावी एका मुलास शाळेच्या दारातून परत धाडिले, त्याच गावी त्र्याहत्तर वर्षांनी त्याच्या जातबांधवांस राहण्यास घर मिळाले आणि तेही सरकारी अनुदानाने. इतिहास अशी फेड क्वचितच करतो, आणि करतो तेव्हा व्याज धरीत नाही.

त्याच सालच्या नोव्हेंबरात सरकारने स्टार्ट याच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमिली. तीत डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी व ठक्करबाप्पा हेही सभासद होते. १९३० च्या अहवालात वसतिगृहांवर भर दिला गेला आणि १९३१ पासून मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र अधिकारी व खाते अस्तित्वात आले. मुंबई राज्याने व पुढे महाराष्ट्राने चालविलेली मागासवर्गीयांची वसतिगृहे याच परंपरेतील होत.

यावर असा आक्षेप संभवतो की, सरकारच्या पैशावर उभे राहिलेले कार्य स्वाभिमानाचे नव्हे. तळेगावच्या समर्थ विद्यालयासारख्या राष्ट्रीय शाळांनी सरकारी साह्याविना राहण्याचे व्रत घेतले होते. त्या व्रताबद्दल आमच्या मनात आदरच आहे. परंतु ते व्रत त्यांस घेता आले, कारण त्यांच्या पाठीशी वर्गणी देणारा समाज होता. सरकारच्या तिजोरीत महाराचा व मांगाचाही पैसा कररूपाने जात होता. त्यातील अंश परत मागणे हे भिक्षा मागणे नव्हे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी रयतेच्या पैशाबद्दल जी तक्रार मांडिली तिचेच हे व्यावहारिक रूप होय.

तात्पर्य, अनुदानाच्या नियमात आधीचे दान लोकांनी करावयाचे असते. सोलापूरच्या मंडळींजवळ द्रव्य नव्हते, म्हणून त्यांनी काम दिले. आधी मुले जमविली, त्यांस जेवू घातले, गावच्या म्युनिसिपालिटीस साक्षीला घेतले, आकडे गोळा केले आणि मग सरकारच्या दारी गेले. अर्जाच्या आधी वसतिगृह आहे, वसतिगृहाच्या आधी परिषद आहे. हा क्रम कोठेही उलटा झालेला नाही. आज ज्या लहान संस्था तरुणांच्या कार्यासाठी अर्जाचे तक्ते भरीत आहेत त्यांनी हा क्रम पाहावा. आणि ज्यांच्या हाती मंजुरीची लेखणी आहे त्यांनी दुसरी बाजू पाहावी. जो आपला वाटा पैशाने भरू शकत नाही त्याचे श्रम वाटा म्हणून धरले नाहीत, तर अनुदान ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच पुन्हा जाईल.

सोलापूर व आसपासच्या ज्या घरांत या वसतिगृहाची पत्रे, हिशेबाच्या वह्या किंवा विद्यार्थ्यांची हस्तलिखिते असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता संशोधन मंडळाकडे द्यावीत, अशी आमची विनंती आहे. तलवारीच्या व तहाच्या कागदांइतकेच दरमहा दीडशे रुपयांत चाललेल्या भटारखान्याचे कागदही इतिहासाचे साधन आहेत.