पाचू नव्हे, तुरमली

सरकारी कचेरीत माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येतो तो अर्ज नावातील दुरुस्तीचा. पोर्तुगीज दप्तरात 'पोरोबो', शाळेच्या दाखल्यावर 'प्रभू', माणूस तोच. प्रतिज्ञापत्र, जाहिरात, शिक्का, सही. वीस वर्षे हे काम करून माझी एक समजूत झाली होती, की नाव दुरुस्त झाले म्हणजे प्रकरण मिटले. एका अंगठीने ती समजूत हलवली. आजचा लेख त्या अंगठीविषयी.

आमच्या सौ.चे माहेर सौंसरचे. पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेशातील दोन तालुके नागपूरला लागून आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, हे तालुके मात्र मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन्हींचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी, घरातली मराठी. गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको!

तिच्या मावशीने माझ्या मुलीला एक अंगठी दिली. चांदीच्या कोंदणात गडद हिरवा, लांबट खडा. मावशीचे यजमान, आमचे मावसाजी, मँगनीजच्या खाणीवर हजेरी लिहीत. म्हणजे माझ्यासारखेच कारकून. त्यांनी कधीकाळी पगारातून पैसे साठवून ही अंगठी 'पाचूची' म्हणून घेतली होती. ते आता नाहीत. कोंदण सैल झाले म्हणून मी अंगठी पणजीतल्या एका रत्नपारख्याकडे नेली. त्याने भिंगातून पाहिले आणि भिंग माझ्याकडे दिले. "खड्याच्या तळाच्या कडा पाहा, एकीच्या दोन दिसतात ना? पाचूत अशा दिसत नाहीत. ही तुरमली."

तुरमली म्हणजे टूरमलीन. तिच्यात शिरणारा प्रकाश दोन वाटांनी फुटतो आणि त्या वाटांतले अंतर पाचूपेक्षा बरेच जास्त असते, म्हणून कडा दुहेरी दिसतात. वजनातही फरक आहे: पाचू पाण्याच्या सुमारे २.७ पट जड, तर तुरमली ३ पटींहून थोडी अधिक. यंत्राने मोजले की शंका उरत नाही. आमची उरली नाही.

प्रथम रागच आला. खाणीवरच्या साध्या माणसाला कोणीतरी फसवले होते. मग वाचायला बसलो, आणि ही फसगत किती जुनी आहे ते कळले. १६७४ साली फेर्नांव दियश पाईश नावाचा एक माणूस ब्राझीलमधील साओ पावलोहून पाचूंच्या शोधात रानात शिरला. सात वर्षे भटकला. हिरवे खडे सापडले, आणि १६८१ साली परतीच्या वाटेवर पाचू मिळाल्याच्या समाधानात तो वारला. ते खडे तुरमलीचे होते. ज्या पोर्तुगालच्या राजाचा अंमल तेव्हा आपल्या गोव्यावर होता, त्याच राजाच्या मुलखातली ही गोष्ट. रत्नांची पेठ म्हणून गाजलेल्या जुन्या गोव्यात त्या काळी हिरवा खडा कोणी कोणत्या नावाने विकला असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

बरे, तुरमलीचे स्वतःचे नाव तरी कुठे नेमके आहे? सिंहलमधील 'तोरमल्ली' हा शब्द सिलोनच्या मिश्र रंगीत खड्यांसाठी वापरला जाई. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी ते खडे हॉलंडला नेले, आणि ढिगाचे नाव एका खड्याला चिकटले. तापवला की हा खडा राख ओढून घेतो हे डचांना दिसले, म्हणून त्यांनी त्याला 'राख ओढणारा' असेही नाव दिले. ही विजेची करामत आहे हे एपिनुस या शास्त्रज्ञाने १७५६ साली दाखवले.

आता सौंसरकडे वळू. पांढुर्ण्याच्या बाजूला काळा कातळ, काळी माती, संत्र्याच्या बागा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची माणसे एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमारही इथलीच. सौंसरकडे गेले की त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. भूशास्त्रात त्यांना 'सौंसर' हेच नाव आहे. लुईस फर्मोर या भूशास्त्रज्ञाने इथल्या मँगनीजचा कसून अभ्यास करून १९०९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त तामड्याच्या आणि गारेच्या एका खडकाला त्याने गोंडांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. ते आजही चालते. तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापार गावावरून एका खनिजाला 'सीतापाराइट' म्हटले. ते नाव मात्र टिकले नाही. अमेरिकेत १८९७ सालीच नोंदलेले बिक्सबाइट आणि हे एकच, असे पुढे सिद्ध झाले आणि सीतापारचे नाव पुस्तकातून उतरले. सीतापारचा दगड मात्र होता तसाच राहिला.

पाचूचे नाव गेले म्हणून मावसाजींच्या खड्याचा रंग काही उतरला नव्हता. तरीही मावशीला सांगायचे की नाही, यावरून घरात दोन तट पडले. सौ. म्हणाली, म्हाताऱ्या जिवाला कशाला दुखवायचे? मुलगी म्हणाली, मग मी काय म्हणून घालायची? शेवटी गेल्या दिवाळीनंतर सौंसरला गेलो तेव्हा मीच सांगितले. मावशी बराच वेळ अंगठी न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "जावईबापू, त्याईनं पाचू म्हणून घेतला, म्या पाचू म्हणून घातला. आमचं झालं. पण पोरीले खरं नाव सांगजा. उद्या तिनं विकाले काढला, तं लबाडी नको व्हाले."

माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत एवढा स्वच्छ शेरा मी कुठल्याही फाइलवर वाचलेला नाही.

तुरमलीची अंगठी घेऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडे व्यवहाराचे. खडा दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली पाहू नका, दारात येऊन दिवसाच्या उजेडात पाहा. तो फिरवून बघा. एका दिशेने रंग उजळ, दुसऱ्या दिशेने गडद दिसतो. लांबीच्या दिशेने अगदी काळपट दिसत असेल तर बोटावर तो मंदच वाटेल. हिरवा, गुलाबी, निळा, पिवळा, काळा, कधी एकाच खड्यात दोन रंग, असे याचे अनेक प्रकार आहेत. खडा तापवून किंवा किरणोत्साराने रंग बदलला आहे का, भेगा भरल्या आहेत का, हे विचारा. पावतीवर 'हिरवा खडा' असे मोघम नको. खनिजाचे नाव आणि केलेली प्रक्रिया लिहून घ्या. किंमत मोठी असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागा.

निगा सोपी आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग सुती फडके. उकळते पाणी, वाफ आणि ध्वनिलहरींचे धुण्याचे यंत्र टाळावे. एकदम तापल्याने खडा तडकू शकतो. याची कठीणता ७ ते ७.५, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूतल्या गारेची ७. म्हणजे वाळूने झिलई जाऊ शकते. समुद्रावर जाताना आणि विळीवर नारळ खवताना अंगठी काढून ठेवावी. हिरा वा नीलम यांच्या डबीत ती ठेवू नये, ते तिला ओरखडतील. पावसाळ्यात चांदी काळवंडते, तेव्हा पुसून कोरड्या डबीत ठेवावी. वर्षातून एकदा कोंदण सोनाराला दाखवावे.

आमच्या अंगठीचे कोंदण आता घट्ट झाले आहे. डबीत एक चिठ्ठी आहे, मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेली: 'तुरमली. आजोबांनी पाचू म्हणून घेतलेली.' दोन्ही नावे तिने ठेवली. अशी नोंद करायला आमच्या नमुन्यात रकाना नाही, असो.